पगाराचं कूळ: लॅटिन क्रियापदं स्पेनमध्ये आणि इंग्लंडमध्ये

मंडळी, आजचा विषय स्पॅनिश क्रियापदांचा आणि इंग्रजीत राहणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांचा आहे. पण सुरुवात आपण पगारापासून करू. महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट बघतो तो पगार. हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. त्यांच्या भाषेत 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ 'पैसे चुकते करणे'. स्पॅनिशमध्येही तेच क्रियापद, तसंच लिहिलेलं, त्याच अर्थाचं. गोवा १५१० साली पोर्तुगीजांकडे गेला, वसई १५३४ साली गेली, आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तोवर कोकणपट्टीत बरीच देवघेव होऊन गेली होती. त्या देवघेवीत क्रियापद आलं आणि आपण त्याचं नाम करून टाकलं.

आता त्याच्या मागे जाऊ. लॅटिनमध्ये 'पाकारे' म्हणजे शांत करणे. त्यामागे 'पाक्स', म्हणजे शांतता, तह. सावकार दारात उभा आहे, आरडाओरडा करतो आहे. त्याच्या हातावर रक्कम ठेवली की तो शांत होतो. म्हणून 'शांत करणे'चा अर्थ 'चुकते करणे' झाला. हाच शब्द फ्रेंचांच्या तोंडात झिजून इंग्रजीत 'पे' म्हणून पोचला, आणि पाक्सची बाकीची पोरं, 'पीस', 'पॅसिफिक', 'अपीज', त्याच्याच आजूबाजूला राहतात. पाक्सचा मूळ धातू 'बांधणे, पक्कं करणे' अशा अर्थाचा. संस्कृतातला 'पाश' त्याच कुळातला मानतात. पगार हा पाश आहे हे नोकरदार माणसाला भाषाशास्त्राने सांगण्याची गरज नाही म्हणा.

म्हणजे मराठी 'पगार', स्पॅनिश 'पगार' आणि इंग्रजी 'पे' हे एकाच घरातले. पण तिघंही वेगवेगळ्या रस्त्यांनी आले. कोणता शब्द कुठल्या रस्त्याने आला, हाच इतिहास.

रोमन सैन्य इबेरियात उतरलं ते इसवी सनपूर्व २१८ मध्ये, कार्थेजशी लढाई चालू असताना. सगळा द्वीपकल्प ताब्यात यायला ऑगस्टसचा काळ उजाडला, इसवी सनपूर्व १९. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं शिपाई, व्यापारी, जमीन मिळालेले निवृत्त सैनिक तिथे येत राहिले, घरं करून राहिले. त्यांची लॅटिन सिसेरोच्या भाषणातली नव्हती, बाजारातली होती. रोमची सत्ता गेली तरी ती बोली लोकांच्या तोंडून गेली नाही. आईकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, अशी ती चालत राहिली आणि चालता चालता स्पॅनिश झाली. कुठल्या दिवशी झाली, असं विचारू नका. असा दिवस नसतो.

ब्रिटनमध्ये उलटं घडलं. तिथे रोमन होते, इसवी सन ४३ पासून साधारण ४१० पर्यंत. पण ते गेल्यावर जर्मानिक बोली बोलणारे अँग्लो-सॅक्सन आले आणि लॅटिन तिथे घरातली भाषा म्हणून उरली नाही. इंग्रजीत आज जी लॅटिन दिसते ती मुख्यतः दोन खेपांत आयात झालेली. पहिली खेप १०६६ नंतर नॉर्मन फ्रेंचांच्या बरोबर, म्हणजे आधीच झिजलेली. दुसरी, प्रबोधनकाळात, विद्वानांनी थेट ग्रंथांतून उचललेली, म्हणजे कोरी करकरीत.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण शाळेत आपण तत्सम आणि तद्भव शिकलो आहोत. 'कर्म' आणि 'काम', 'हस्त' आणि 'हात', 'अग्नी' आणि 'आग'. काम हे कर्माचंच पोर, पण प्राकृतातून पायी चालत आलेलं. कर्म हे पोथीतून पालखीत बसून आलं. स्पॅनिशची रोजची क्रियापदं बहुतेक 'काम' जातीची आहेत आणि इंग्रजीतले त्यांचे नातेवाईक बऱ्याचदा 'कर्म' जातीचे. त्यामुळे एक गंमत होते: लॅटिनचा मूळ चेहरा तिच्या सख्ख्या लेकीत दिसत नाही, पण परक्या घरी, इंग्रजीत, जसाच्या तसा सापडतो.

उदाहरण घ्या. लॅटिन 'फाकेरे', करणे. इंग्रजीत 'फॅक्ट', 'फॅक्टरी', 'मॅन्युफॅक्चर', सगळीकडे फ ठणठणीत. स्पॅनिशमध्ये हेच क्रियापद 'आसेर' झालं. (स्पेनमध्ये बरेच लोक 'आथेर' म्हणतील, आपण सोयीसाठी अमेरिका खंडातला उच्चार घेऊ.) लिहिताना मात्र ते सुरुवातीला रोमन लिपीतला 'ह' लिहितात. तो लिहायचा आणि म्हणायचा नाही. हा न बोलणारा ह म्हणजे मेलेल्या फचं थडगं आहे. लॅटिन 'फाबुलारी', गप्पा मारणे, ते स्पॅनिश 'आब्लार', बोलणे. इंग्रजीत 'फेबल' आणि 'फॅब्युलस'. 'फुगेरे', पळून जाणे, ते 'उईर'. इंग्रजीत 'फ्युजिटिव्ह' आणि 'रेफ्यूज'. 'फेरीरे', मारणे, ते 'एरीर', जखमी करणे. याचा इंग्रजी नातेवाईक कोण? 'इंटरफियर'. जुन्या फ्रेंचमध्ये 'एकमेकांना मारणे' असा त्याचा अर्थ होता. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणाऱ्याला शेवटी काय मिळतं ते त्या शब्दात आधीपासूनच आहे.

हा फ गेला कुठे? आधी त्याचा ह झाला आणि मग तो ह विरला. १४९२ साली आंतोनिओ दे नेब्रिहा याने सालामांकात आपलं स्पॅनिश व्याकरण छापलं आणि इसाबेल राणीला अर्पण केलं. युरोपातल्या चालू लोकभाषेचं छापलेलं हे पहिलं व्याकरण. तेव्हा तो ह अजून ऐकू येत होता. त्याच वर्षी ग्रानादा पडलं, कोलंबस निघाला, आणि स्पेनमधल्या ज्यूंना देश सोडायला लावला. जे ज्यू ऑटोमन राज्यात जाऊन वसले त्यांनी आपली पंधराव्या शतकातली स्पॅनिश बरोबर नेली. त्यांच्या काही बोलींमध्ये, सालोनिका आणि बोस्नियाकडच्या, तो जुना फ नंतरही राहिला. घर सुटलं आणि अक्षर टिकलं. इकडे स्पेनमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांत फ इतका जुनाट झाला की १६०५ मध्ये सर्व्हांतेसने दोन किहोतेच्या तोंडी मुद्दाम फवाले शब्द घातले. वाचकांना लगेच कळायचं की या माणसाचं डोकं जुन्या वीरकथांनी फिरलं आहे. आजच्या नाटकात कोणी 'तुम्हांस काय पाहिजे' म्हणत आला तर आपण जसे हसू तसंच.

फ का गेला यावर मतं आहेत. रामोन मेनेंदेस पिदाल या मोठ्या अभ्यासकाने बास्क भाषेकडे बोट दाखवलं. कॅस्टिलियन बोली उत्तर स्पेनमध्ये बास्क मुलखाच्या शेजारी वाढली, आणि जुन्या बास्कमध्ये फ नव्हता. पिरेनीस पर्वताच्या पलीकडे गास्कोन बोलीतही फचा ह झाला, तीही बास्कांची शेजारीण. आम्हाला हा युक्तिवाद पटतो, सगळ्यांना पटत नाही. शेजारच्या पोर्तुगीजने मात्र फ सोडला नाही. तिथे 'फाझेर', 'फालार', 'फुजीर'.

पोर्तुगीज आली तशी आपल्या घरातली दुसरी वस्तू काढू. चावी. कुलपाची चावी. पोर्तुगीज 'शाव', जुन्या उच्चारात 'चावे', लॅटिन 'क्लाविस'. स्पॅनिशमध्ये 'यावे'. आता हे तिन्ही शेजारी ठेवून बघा: लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'क्ल' असेल तिथे स्पॅनिशमध्ये 'य' (पूर्वी 'ल्य') आणि जुन्या पोर्तुगीजमध्ये 'च'. एकदा ही चावी हाती आली की पुष्कळ कुलपं उघडतात. लॅटिन 'क्लामारे', ओरडणे, ते स्पॅनिश 'यामार', हाक मारणे, आणि पोर्तुगीज 'शामार'. इंग्रजीत 'क्लेम' आणि 'एक्स्क्लेम'. 'प्ल'चंही तेच होतं. 'प्लोरारे', रडणे, ते 'योरार'. इंग्रजीत 'डिप्लोर' आणि 'इम्प्लोर'. पाऊस पडणे, 'योवेर', पोर्तुगीज 'शोवेर'. आणि 'प्लिकारे', म्हणजे घडी घालणे, ते स्पॅनिश 'येगार', पोचणे. घडी घालण्याचा आणि पोचण्याचा काय संबंध? जहाज किनाऱ्याला लावलं की शिडं गुंडाळतात, असं स्पष्टीकरण देतात. रुमानियन भाषेत त्याच 'प्लिकारे'चा 'प्लेका' झाला, आणि अर्थ झाला 'निघून जाणे'. तिथले रोमन शिपाई तंबू गुंडाळून निघत असणार. शिडं गुंडाळली की पोचलो, तंबू गुंडाळला की निघालो. ही कथा फार सुबक आहे, त्यामुळे तिच्यावर थोडा संशय ठेवावा. पण क्रियापद एकच, आणि अर्थ उलटे, यात संशय नाही. इंग्रजी 'अराइव्ह'ही असंच खलाशांकडचं. 'रिपा' म्हणजे काठ. अराइव्ह होणे म्हणजे काठाला लागणे.

काही क्रियापदांची कथा याहून चमत्कारिक आहे. स्पॅनिश 'कोमेर', खाणे. लॅटिनमध्ये खाणे म्हणजे 'एदेरे'. हा 'एद्' म्हणजे आपला संस्कृत 'अद्', ज्याच्यापासून 'अन्न' झालं; इंग्रजी 'ईट' त्याचंच भावंडं, आणि 'एडिबल' लॅटिनमधून आणलेलं. बोलण्यात 'एदेरे' फार तोकडं वाटायला लागलं, म्हणून लोक त्याला 'कोम' हा उपसर्ग लावून 'कोमेदेरे' म्हणू लागले, साधारण 'खाऊन टाकणे' अशा जोरकस अर्थाने. पुढे मधला द गळाला, स्वर मिसळले, आणि राहिलं 'कोमेर'. यात उपसर्ग आहे, शेवटचा प्रत्यय आहे, आणि धातू? धातू जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे 'खाऊन टाकणे'मधलं 'खाणे' निघून जावं आणि नुसतं 'टाकणे' उरावं, आणि तरीही सगळ्यांना कळावं की जेवणाचं बोलणं चाललं आहे. इंग्रजीत 'कमेस्टिबल' हा शब्द कोणी वापरतो का माहीत नाही, पण शब्दकोशात तो आहे आणि त्याच्यात तो हरवलेला धातू अजून दिसतो.

'त्राबाहार' म्हणजे काम करणे. मागे लॅटिनमधलं 'त्रिपालियुम', तीन खुंटांचं, माणसाला बांधून छळायचं साधन. छळ, मग कष्ट, मग काम. इंग्रजीत हाच शब्द फ्रेंचवाटे गेला आणि 'ट्रॅव्हल' झाला, कारण मध्ययुगात प्रवास म्हणजे हाल. सकाळच्या साडेआठच्या लोकलने जाणाऱ्यांना तो बदल झालाच नाही असं वाटेल.

'रेकोर्दार', आठवणे. यात 'कोर' आहे, हृदय. पुन्हा हृदयाशी आणणे. इंग्रजीने तोच शब्द घेतला आणि 'रेकॉर्ड' केला, म्हणजे दप्तरात नोंदवणे. एकाने आठवण काळजात ठेवली, दुसऱ्याने फायलीत.

आणि आम्हाला सगळ्यात आवडणारं, 'त्रादुसीर', भाषांतर करणे. लॅटिन 'त्रादुकेरे', पलीकडे घेऊन जाणे. पंधराव्या शतकात इटलीतल्या लिओनार्दो ब्रुनीने ते भाषांतरासाठी वापरात आणलं, आणि तिथून ते स्पॅनिशमध्ये, फ्रेंचमध्ये गेलं. पण लॅटिनमध्ये त्याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ होता. कैद्यांना लोकांसमोरून मिरवत न्यायचं, म्हणजे मराठीत ज्याला धिंड काढणे म्हणतात. इंग्रजीने 'ट्रड्यूस' घेतला तो या दुसऱ्या अर्थाने: एखाद्याची नाचक्की करणे, बदनामी करणे. तेव्हा स्पॅनिशमध्ये ज्याला भाषांतर म्हणतात त्याला इंग्रजीत धिंड म्हणतात. भाषांतराची कामं केलेली माणसं या सभागृहात असतील, त्यांनी आपापलं ठरवावं.

इथवर सगळं गोड झालं. आता जरा कडू. ही अशी नाती सापडायला लागली की माणसाला त्याची चटक लागते. दोन शब्द सारखे दिसले की सोयरीक जुळवून मोकळा. आपल्याकडे तर हा रोग जुना आहे. कुठलाही परदेशी शब्द घ्यायचा, त्याला संस्कृतचा अंगरखा चढवायचा आणि टाळ्या घ्यायच्या. सारखेपणा हा पुरावा नाही, हे इथे स्वच्छ दाखवता येतं.

स्पॅनिश 'आबेर', लॅटिन 'हाबेरे', जवळ असणे. इंग्रजी 'हॅव'. अर्थ सारखा, आवाज सारखा, लिहायलाही सारखे. कोणीही म्हणेल की हे सख्खे. हे कोणीच नाहीत एकमेकांचे. जर्मानिक भाषांमध्ये फार पूर्वी एक ठरलेला बदल झाला, जो याकोब ग्रिमने १८२२ मध्ये सूत्रात मांडला. जिथे लॅटिनमध्ये सुरुवातीला 'क' तिथे इंग्रजीत 'ह'. 'कोर' आणि 'हार्ट', 'केन्तुम' आणि 'हंड्रेड'. त्या हिशेबाने 'हॅव'चा लॅटिनमधला जोडीदार कने सुरू व्हायला हवा, आणि तो आहे 'कापेरे', पकडणे. त्याचा स्पॅनिश मुलगा 'काबेर', मावणे. म्हणजे 'हॅव'चा खरा भाऊ 'काबेर', जो अजिबात तसा दिसत नाही; आणि जो दिसतो तो परका. 'मुचो' आणि 'मच'चंही असंच. मुचो लॅटिन 'मुल्तुस'पासून. इंग्रजी 'मच' आपल्या 'महा'च्या जवळचा. 'दीआ' आणि 'डे' म्हणजे दिवस, दोन्ही दने सुरू. पण दीआ आपल्या 'दिवस'चा नातलग, आणि 'डे' त्या घरातला नाहीच.

याहून फसवं एक कुटुंब आहे. स्पॅनिश 'पोनेर' म्हणजे ठेवणे. 'कोम्पोनेर', 'ओपोनेर', 'सुपोनेर', 'प्रोपोनेर'. इंग्रजीत 'कंपोज', 'अपोज', 'सपोज', 'प्रपोज'. एकास एक जुळतात, अर्थही जुळतात, शिकवणारे तक्ता करून देतात. आम्हीही शिकताना तो घोकला. पण इंग्रजीतला हा 'पोज' फ्रेंच 'पोझे'वरून आला आणि 'पोझे' आला 'पाउसारे'वरून, म्हणजे थांबणे, विसावा घेणे, 'पॉज' त्यातलाच. फ्रान्समध्ये या पाउसारेच्या पोराने पोनेरेच्या घराचा ताबा घेतला, कारण आवाज जवळचा होता. त्यामुळे इंग्रजीत 'कंपोज' हे क्रियापद एका आईचं आणि 'कंपोझिशन' हे नाम दुसऱ्या आईचं. 'कंपोनंट' आणि 'अपोनंट' मात्र अस्सल पोनेरेचे. शिकणाऱ्याला तक्ता उपयोगी पडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तक्ता आणि वंशावळ यात फरक आहे, आणि तो फरक कळायला कोणता आवाज कुठे, कधी, कशाच्या शेजारी बदलला, याची चिकट नोंद ठेवावी लागते.

ती नोंद ठेवण्याची कल्पना सुचण्याआधीही काहींना कुळाचा वास लागला होता, आणि त्यातले दोघं आपल्या शेजारी गोव्यात होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला जेझुइट, १५७९ मध्ये गोव्याला आला आणि मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारा फादर स्टीफन्स झाला. ते पुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. १५८३ मध्ये त्याने आपल्या भावाला पत्र लिहिलं त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं नोंदवलं. घरात इंग्रजी, अभ्यासात लॅटिन, कारभारात पोर्तुगीज आणि ओव्या मराठीत. त्याला ते दिसलं यात नवल नाही. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी त्याच दशकात गोव्यात होता आणि १५८८ मध्ये तिथेच वारला. त्याने संस्कृत आणि इटालियन आकडे शेजारी मांडून सहा, सात, आठ, नऊ यांतलं साम्य टिपलं. दोघांचीही निरीक्षणं खासगी पत्रांत राहिली, त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं जाहीर भाषणात सांगितलं, आणि मान त्याला मिळाला.

शेवटी एक क्रियापद, ज्याला स्पॅनिश शिकणारा प्रत्येक इंग्रजी विद्यार्थी शिव्या देतो. 'ईर', जाणे. 'मी जातो' म्हणजे 'बोय'. 'मी गेलो' म्हणजे 'फुई'. तिन्हीत एक अक्षर सारखं सापडत नसल्यासारखं. कारण ही तीन क्रियापदं आहेत, एका घरात राहायला आलेली. 'ईर' लॅटिन 'ईरे'चं, त्यातून इंग्रजीत 'एक्झिट' आणि 'ट्रान्झिट' आले. संस्कृतात 'इ', एति. 'बोय' आलं 'वादेरे'वरून, ज्याचे इंग्रजी वंशज 'इन्व्हेड' आणि 'इव्हेड'. आणि 'फुई' हे मुळात 'असणे'चं भूतकाळी रूप, संस्कृत 'भू'च्या कुळातलं.

मराठी विद्यार्थ्याने मात्र कुरकुर करू नये. आपण 'जातो' म्हणतो आणि 'गेलो' म्हणतो. 'जातो' संस्कृत 'या'पासून, याति. 'गेलो' 'गम्'पासून, गत. ज आणि ग, दोन वेगळे धातू, आणि शाळेत जायच्या आधीपासून आपण ते एक समजून बोलतो.

राहिला प्रश्न, 'असणे'चं रूप 'जाणे'ला कसं मिळालं. आजच्या स्पॅनिशमध्ये 'फुई' म्हणजे 'मी होतो' आणि 'फुई' म्हणजे 'मी गेलो', दोन्ही, संदर्भावरून ओळखायचं. हा बदल लॅटिन संपता संपता सुरू झाला. फार डोकं खाजवायला नको. काल दिवसभर कुठे होतास, असं विचारल्यावर 'नाशकात होतो' असं जो सांगतो, तो नाशिकला गेलेला असतोच.